पाद्रीसाहेबांचे बिऱ्हाड

धर्मप्रसारासाठी परदेशी गेलेल्या दांपत्याचे चरित्र लिहिताना चरित्रकार साधारणपणे प्रार्थना, प्रवचन आणि बाप्तिस्मा या तीनच खांबांवर मांडव उभारतो. परंतु त्या मांडवाखाली रोज काय चालत असे याची चौकशी केली, तर त्या दांपत्याच्या आयुष्याचा बराच भाग पाणी गाळण्यात, हिशेब जुळवण्यात, पंखा ओढणाऱ्याला जागे ठेवण्यात आणि परक्या भाषेतील क्रियापदांची रूपे पाठ करण्यात खर्ची पडत असे, असे आढळते. 'मिशनरी' या शब्दाच्या मुळाशी 'पाठवणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. म्हणजे मिशनरी हा 'पाठवलेला' माणूस होय, आणि त्याच्या पत्नीची पाठवणी एकदा लग्नमंडपातून व एकदा बंदरावरून अशी दोनदा होते. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि इरॅस्मा हल यांच्या बाबतीत या दोन्ही पाठवण्या १८४४ या एकाच वर्षात उरकल्या. १३ फेब्रुवारी १८४५ रोजी हे नवे जोडपे नागपुरास पोहोचले, तेव्हा ऊन तापायला लागण्यास जेमतेम महिना उरला होता. ज्यांनी त्यांना पाठवले त्यांनी नकाशा पाहिला होता. पंचांग पाहिलेले दिसत नाही.

या विषयात पंथभेदाचा खुलासा आधीच केलेला बरा. बाप्टिस्ट पंथाच्या मते बाप्तिस्मा हा समजत्या वयाच्या माणसाने स्वतःहून घ्यावयाचा असतो आणि त्यात अंगभर बुडी अपेक्षित असते. हिस्लॉप ज्या प्रेस्बिटेरियन पंथाचे होते, त्यात तान्ह्या मुलालाही बाप्तिस्मा देतात आणि डोक्यावर थोडे पाणी शिंपडले की भागते. हा वाद इतका खोल पाण्यातला होता की १८३० च्या दशकात 'बाप्तिस्मा' या शब्दाचे भाषांतर 'बुडी' अशा अर्थाने करावे की नाही यावरून बायबल सोसायटीने कलकत्त्याच्या बाप्टिस्टांच्या बंगाली भाषांतराला पैसे देणे नाकारले. ज्या देशात कोट्यवधी माणसे भल्या पहाटे, कोणत्याही समितीची परवानगी न घेता, नदीत बुड्या मारत होती, त्या देशात हा तंटा चालला होता, एवढी नोंद येथे पुरे. नागपुरात उन्हाळ्यात कन्हान नदीचे पाणी कोठवर उतरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला शिंपडणाऱ्या पंथाची येथे झालेली निवड दूरदृष्टीची वाटेल.

नागपूर हे बाप्टिस्टांचे ठाणे नव्हते, तरी बाप्टिस्टांकडे नागपूर होते. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी या बाप्टिस्ट मिशनऱ्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी–इंग्रजी कोश छापला, त्या कामी त्याच्या उशापायथ्याशी बसलेले पंडित वैजनाथ हे नागपूरचे. व्याकरणाच्या जोडीला केरीने नित्याच्या व्यवहारांवरचे संवादही छापले, यात त्याचे व्यवहारज्ञान दिसते: परदेशी माणसाला पहिल्या दिवशी लागते ते वाक्य मोक्षाविषयीचे नसून 'पाणी तापले का' हे असते. केरीची पत्नी डोरोथी हिने हिंदुस्थानात येण्यास आधी साफ नकार दिला होता, आणि या सगळ्या मंडळींच्या निर्णयांत तोच एक निर्णय शांत डोक्याने घेतलेला वाटतो. पुढे तिचे मन वळवण्यात आले आणि इकडे आल्यावर तिचे मानसिक स्वास्थ्य कायमचे ढळले. तो भाग विनोदाच्या कक्षेबाहेरचा आहे.

हिस्लॉप दांपत्याला पाठवणारे 'फ्री चर्च' हे स्वतःच दोन वर्षांचेही न झालेले पोर होते. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक सरकारी आश्रयाचे वाडे आणि वेतने सोडून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. देव एक, ग्रंथ एक, पंथ एक, देश एक, मग चुली दोन कशाला, हे समजावून देताना या मिशनऱ्यांना अन्यत्र फार श्रम पडत असतील. नागपुरात तसे काही कारण नव्हते. भोसल्यांच्या दरबारात दोन पिढ्या काढलेल्या माणसाला 'भाऊबंदकी' एवढा एकच शब्द सांगितला की तो पुढचे स्वतःच समजून घेई, आणि वाटणीत भांडी कोणाकडे गेली एवढेच विचारी.

मुंबईहून नागपूरला येणारी आगगाडी १८६७ मध्ये सुरू झाली, म्हणजे हिस्लॉप आल्यानंतर बावीस वर्षांनी. तोवर हा आठशे किलोमीटरांहून लांब पल्ला बैल, घोडे आणि सहनशक्ती यांच्या बळावर काढावा लागे. शहर तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या राज्यात, सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट, आणि तेथून पंधराएक किलोमीटरांवर कन्हानकाठी कामठीची छावणी, अशी तेव्हाची मांडणी होती. छावणीतली पलटण मद्रासेकडची असल्यामुळे तिच्या आगेमागे आलेली वस्ती तमिळ आणि तेलुगू बोलणारी होती. शहरात मराठी आणि हिंदी, दरबारी व्यवहारात उर्दूची फोडणी, आणि भोवतालच्या रानात गोंडी. एका भाषेची तयारी करून आलेल्या माणसापुढे नागपूरने असे अर्ध्या डझन भाषांचे ताट वाढून ठेवले, आणि पानात काही टाकायचे नाही असा स्कॉटिश संस्कार असल्यामुळे हिस्लॉपनी एकेक पदार्थाला हात घातला.

मराठी शिकताना इंग्रजी बोलणाऱ्याची पहिली अडचण लिंगविचाराची असते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंगाची उठाठेव नाही. मराठीत मात्र सकाळी पुल्लिंगी पलंगावरून उठून, स्त्रीलिंगी खुर्चीवर बसून, नपुंसकलिंगी मेजावर कागद पसरावे लागतात, आणि त्यांतल्या एकाचेही लिंग चुकले तरी पंतोजींचा चेहरा बदलतो. दुसरी अडचण सर्वनामांची, आणि ती थेट धर्मशास्त्रालाच जाऊन भिडते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन अनेकवचने आहेत: 'आम्ही'मध्ये ऐकणारा धरलेला नसतो, 'आपण'मध्ये तो धरलेला असतो, इंग्रजीत या दोहोंसाठी एकच शब्द आहे. त्यामुळे नवशिक्या पाद्र्याने बाजारात उभे राहून कळवळून 'आम्ही सारे पापी आहोत' असे सांगितले, तर श्रोते माना डोलावतात, कारण साहेब लोकांविषयी त्यांचेही मत साधारण तसेच असते. त्याच पाद्र्याने पुढल्या वर्षी व्याकरण सुधारून 'आपण सारे पापी आहोत' असे म्हटले, की गर्दी पांगू लागते. भाषेची प्रगती आणि श्रोत्यांची संख्या यांचे प्रमाण असे व्यस्त असते.

आदरार्थी रूपांचा घोळ याहून नाजूक. रेसिडेंटाच्या कारभाऱ्याला 'आपण', शेजारच्या शास्त्रीबुवांना 'तुम्ही', ही पायरी महिनोन् महिने घोटून घेतल्यावर पंतोजी सांगत की देवाला मात्र 'तू' म्हणायचे. मराठी माणूस विठोबाशी एकेरीत भांडत आला आहे आणि मराठी बायबलनेही तीच रीत उचलली; परंतु याचा व्यावहारिक परिणाम असा की बंगल्याच्या परिघात परमेश्वर आणि पंखा ओढणारा या दोघांनाच साहेब एकेरीत हाक मारत, आणि दोघांकडूनही उत्तर यायला सारखाच वेळ लागे.

कोशाचा आधार होता, नाही असे नाही. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला होता आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो साठ हजार शब्दांपर्यंत फुगला. पण त्यातली मराठी मुख्यतः पुण्याकडची आणि कोकणाकडची. ती तोंडपाठ करून सीताबर्डीवर भाजी घ्यायला गेलेल्या माणसाला 'काय करून राहिले जी' असे कोणी विचारले, म्हणजे राहण्याचा प्रश्न येथे कोठून आला याचा उलगडा कोशात सापडत नसे. नागपुरी मराठीत क्रिया चालू असल्याचे दाखवायला 'राहणे' लावतात: माणूस जाऊन राहिला, येऊन राहिला, आणि निजला असेल तरी झोपून राहिला. शुद्ध पुणेरी बोलणारा गोरा मनुष्य आणि नागपुरी बोलणारी भाजीवाली यांच्यात अशा वेळी मराठी कोणाला येत नाही याविषयी मतभेद होणे साहजिक होते, आणि भाजीवालीच्या मनात त्याबद्दल तिळमात्र शंका नसे.

दिनक्रम मात्र ना त्यांना पाठवणाऱ्या एडिंबरोच्या समितीने ठरवला, ना पाद्रीसाहेबांनी. तो सूर्याने ठरवला. हिस्लॉप ज्या डन्स गावचे, तेथे भर उन्हाळ्यातही पारा विशीच्या आसपास रेंगाळतो. नागपुरात मे महिन्यात तो पंचेचाळिशी गाठतो, आणि दुपारी जो तप्त पश्चिमवारा सुटतो त्याला 'लू' म्हणतात. या वाऱ्याशी तह करण्यासाठी दारेखिडक्यांना वाळ्याचे तट्टे बांधतात, म्हणजे वाळा या सुगंधी गवताच्या मुळ्यांच्या ताट्या, आणि त्यांवर पाणी मारीत राहिले की आत येणारा वारा थंड आणि वासाचा होऊन येतो. यासाठी एक माणूस पाणी आणायला, एक शिंपडायला, एक छताचा पंखा ओढायला, आणि या तिघांनी काम केले की नाही हे पाहायला चौथा लागे. स्कॉटलंडहून निघताना 'साधी राहणी' असा संकल्प सोडलेल्या घरात नोकरांचा असा तांडा कसा जमला, याचे स्पष्टीकरण देणगीदारांना लिहून कळवणे ही त्या काळच्या मिशनरी पत्रव्यवहाराची एक स्वतंत्र शाखाच मानावी लागेल. खानसामा भांडी घासत नाही, भिस्ती झाडत नाही, झाडणारा पाण्याला शिवत नाही. श्रमविभागणीचे हे तत्त्व अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यानेच जगाला शिकवले, आणि तोही स्कॉटच. परंतु त्याने टाचण्यांच्या कारखान्यात पाहिलेली विभागणी हिंदुस्थानी स्वयंपाकघराच्या मानाने अगदीच बाल्यावस्थेतील होती.

पोशाखाचा मुद्दाही सोडून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाची अशी समजूत होती की पोटाला गारठा लागल्याने पटकी होते. त्यावर उपाय म्हणून लोकरी फ्लॅनेलचा रुंद पट्टा पोटाभोवती गुंडाळीत आणि त्याला 'कॉलरा बेल्ट' म्हणत. नागपूरच्या मे महिन्यात पोट गारठण्याची धास्ती बाळगणे हे श्रद्धेचे परमोच्च उदाहरण होय. वर काळा कोट, गळ्याला पांढरी पट्टी, आत फ्लॅनेल, अशा थाटात उभा असलेला मनुष्य नरकाग्नीचे वर्णन करू लागला, तर समोर वडाच्या सावलीत धोतरावर बसलेल्या मंडळींना त्याच्या कपाळाकडे पाहून या विषयातला त्याचा अधिकार पटत असला पाहिजे.

मिशनरी पत्नीच्या कामाची मोजदाद करणे कठीण, कारण ते काम हिशेबात येतच नसे. नेमणूक नवऱ्याची, पगार नवऱ्याचा, अहवाल नवऱ्याचा. पत्नीचा उल्लेख 'सौ. अमुक याही मदत करतात' अशा एखाद्या ओळीत आला तरी पुष्कळ. प्रत्यक्षात या स्त्रिया मुलींना शिवण आणि अक्षरे शिकवीत, औषधाच्या पेटीतून क्विनीन आणि एरंडेल वाटीत, पाहुण्यांची उठबस करीत, आणि आपली मुले सहा-सात वर्षांची झाली की हवेच्या भीतीने त्यांना सातासमुद्रापलीकडे नातेवाइकांकडे पाठवून देऊन पुन्हा इतरांच्या मुलांना शिकवायला बसत. श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट मंडळींत हॅना मार्शमन या बाईंनी १८०० मध्ये निवासी शाळा काढली आणि तिच्या उत्पन्नातून अख्ख्या मिशनचा संसार सावरला. म्हणजे केरी कोश रचीत होता त्या मेजावरचा तांदूळ बऱ्याच अंशी हॅनाबाईंचा होता. इरॅस्माबाईंचे नागपुरातले बिऱ्हाडही याच बिनपगारी खात्यावर अठरा वर्षे चालले. पाद्र्यांच्या घरातली ही गंमत आतून पाहिलेली आणि मराठीत मनमोकळेपणाने सांगितलेली हवी असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे वळावे लागते. त्यांचे पती नारायण वामन टिळक हेही धर्मांतरापूर्वी नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने काही काळ राहिले होते.

१८४६ मध्ये हिस्लॉपनी नागपुरात शाळा काढली आणि तीत मुले आली. ती कशासाठी आली, याविषयी शाळा काढणाऱ्याचे एक मत होते आणि पालकांचे दुसरे. पालकांना इंग्रजी हवे होते. त्याच्याबरोबर बायबलचा तास येत असेल तर येवो, वाणी नाही का गुळाबरोबर ढेपेचा कागद तोलून देत! १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा होऊन कचेऱ्या इंग्रजांच्या झाल्या, तेव्हा या 'कामापुरता मामा' धोरणाला आणखीच धार आली. परिणामी एडिंबरोला जाणाऱ्या वार्षिक पत्रकात विद्यार्थ्यांचा रकाना भरघोस दिसे आणि बाप्तिस्म्यांचा रकाना सुरुवातीची वर्षे बोटांवर मोजण्यासारखा राही. सही करण्यापूर्वी या दोन रकान्यांकडे आळीपाळीने पाहणाऱ्या माणसाला फिरायला जावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

आणि फिरायला जाण्यातूनच या बिऱ्हाडाचे खरे भाग्य उजाडले. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले, आणि हे दोघे सकाळ-संध्याकाळ हातोडी घेऊन शहराभोवतीचे दगड फोडू लागले. नागपूर ज्या काळ्या खडकावर वसले आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात जी तळी साचत, त्यांचा गाळ पुढच्या लाव्ह्याखाली सापडून पक्का झाला, आणि या मधल्या थरांना भूशास्त्रात 'आंतरट्रॅपी' थर म्हणतात. टाकळी येथे अशाच एका थरात हिस्लॉप आणि हंटर यांना गोड्या पाण्यातील फायसा या गोगलगाईचे शंख मिळाले. या शंखाचे वळण बहुतेक शंखांच्या उलट असते. टोक वर करून धरले तर तोंड डावीकडे येते, म्हणून प्राणिशास्त्र त्याला वामावर्त म्हणते. परंतु पूजासाहित्याच्या दुकानात नेमक्या याच वळणाला 'दक्षिणावर्ती' म्हणतात, आणि तसा शंख घरात असला की लक्ष्मी स्थिर राहते अशी श्रद्धा आहे. तात्पर्य, मूर्तिपूजेचे निर्मूलन करण्यासाठी आलेल्या या दोन पाद्र्यांनी टाकळीच्या दगडांतून दक्षिणावर्ती शंख मुठीमुठीने वेचून, चिंध्यांत गुंडाळून, पेट्यांत भरून, स्वखुशीने लंडनला रवाना केले.

त्या पेट्या भरण्याचा देखावा शेजाऱ्यांच्या दृष्टीने विचार करण्यासारखा होता. गोरा माणूस या देशातून हिरे, कापूस, नीळ नेतो हे लोकांच्या अंगवळणी पडले होते. पण गाडीभाडे भरून दगड नेणारा साहेब निराळा. दगडात दडलेले असे काही असलेच पाहिजे की जे आपल्याला दिसत नाही, असा तर्क गाडीवानाने केला असेल तर तो तंतोतंत बरोबर होता. चंद्रपूरच्या वाटेवरील मांगली येथून गेलेल्या एका दगडात रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाला एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी आढळली आणि त्याने तिचे ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे बारसे केले. मराठीत सांगायचे तर 'आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा'. सिलेवाडा आणि कामठी येथील वालुकाश्मांतून ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींचे ठसे गेले. नागपूर परिसराच्या भूगर्भावरील हिस्लॉप आणि हंटर यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला.

बायबलच्या वंशावळ्यांवरून जग सुमारे सहा हजार वर्षांचे ठरवणारे गणित त्या काळी अनेक सश्रद्ध घरांत प्रचलित होते, त्यामुळे हातोडी घेतलेल्या पाद्र्याची स्थिती अवघड झाली असेल असे आज वाटते. परंतु फ्री चर्चच्या वृत्तपत्राचे संपादक ह्यू मिलर हे स्वतःच नामांकित भूशास्त्रज्ञ होते आणि सृष्टीच्या दिवसांचा ऐसपैस अर्थ लावण्याची सोय त्यांनी करून ठेवली होती. नागपूरच्या शास्त्रीमंडळींना तर कोट्यवधी वर्षांचा आकडा ऐकून भुवई उंचवायचेही कारण नव्हते. ज्यांच्या कलियुगाचीच मुदत ४,३२,००० वर्षे आणि ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटींचा, त्यांना साहेबांचे शास्त्र हळूहळू का होईना, योग्य वाटेवर येऊन राहिले आहे, असेच वाटले असणार.

शब्दांचा आणि गाण्यांचा संग्रह हा या दगडांचाच धाकटा भाऊ. गोंडांचे भाट जे परधान, त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून लिंगोची दीर्घ कथा उतरवून घेण्यात आली. लिंगो हा गोंडांचा आद्य पुरुष आणि धर्मसंस्थापक, आणि त्याची कथा म्हणजे गोंडांच्या उत्पत्तीची, देवांची नि लग्नविधींची गायलेली पोथी. दुसऱ्याला उत्पत्तीची कथा सांगण्याचा पगार ज्याला मिळत होता, त्याने दुसऱ्याच्या उत्पत्तीची कथा ओळ न् ओळ लिहून घेतली आणि तिला एडिंबरोच्या पत्रकात रकाना नव्हता. हे कागद हिस्लॉपच्या हयातीत छापले गेले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले, परतताना एक शाळा तपासायची म्हणून मागे राहिले, आणि संध्याकाळी एकटेच निघाले असता पूर आलेल्या पाण्यात बुडाले. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. टेंपल यांनी त्यांचे आदिवासींविषयीचे टिपण १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले.

मागे राहिली ती नावे. सॅम्युअल हॉटन या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये नागपूरकडच्या दोन खनिजांना 'हिस्लॉपाइट' आणि 'हंटराइट' अशी नावे देऊन दोघांना अजरामर केले होते; पुढे हिरवे हिस्लॉपाइट म्हणजे दुसऱ्या खनिजाची भेसळ झालेले साधे कॅल्साइट असे ठरले आणि त्याचे स्वतंत्र खनिजत्व काढून घेण्यात आले. हंटर यांनी मायदेशी परतून सात खंडांचा इंग्रजी कोश संपादिला, ज्यावरून नागपुरात मराठी शिकलेल्या माणसाला शब्दांची खोड सुटत नाही असे म्हणता येईल. हिस्लॉपचे नाव मात्र त्यांच्या शाळेच्या परंपरेतून १८८३ मध्ये उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाने टिकवले. सिव्हिल लाइन्समधील हे हिस्लॉप कॉलेज ज्या रस्त्यावर आहे, त्याला त्याच रिचर्ड टेंपल यांच्या नावावरून टेंपल रोड म्हणतात, आणि नागपुरात नवा आलेला माणूस त्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना देऊळ शोधत असतो.